बाबांना लागू पडलं, मग आईला का नाही?

काकांना, म्हणजे माझ्या मावशीच्या नवऱ्याला, पॅरालिसिसचा अटॅक आला तेव्हा ते सहासष्ट वर्षांचे होते. उजवा हात आणि उजवा पाय, दोन्ही गेले. पण चार महिन्यांत काठी बाजूला ठेवून ते गल्लीच्या तोंडाशी जाऊन दूध आणायला लागले. नऊ वर्षांनी मावशीला अटॅक आला. तिचाही उजवाच हात. दवाखान्यातून घरी आल्यावर पाचव्या महिन्यातही तिला साडीच्या निऱ्या खोचता येत नव्हत्या. अंगठा आणि तर्जनी एकमेकांना भेटायची, पण कापड पकडायची नाहीत. मावसभावाने फोन केला, "ताई, बाबांना त्या वेळी ज्या गोळ्या होत्या, जवळपास त्याच आईला चालू आहेत. बाबा उठून चालायला लागले. मग आईला का नाही गुण येत?"

मी फार्मसी कॉलेजात औषधशास्त्र शिकवते म्हणून प्रश्न माझ्याकडे आला. मी त्याला खरं तेच सांगितलं. दोन माणसांवरून काही सिद्ध होत नाही. गुठळी मेंदूच्या कुठल्या शिरेत अडकली, दवाखान्यात पोहोचायला किती वेळ गेला, वय किती, साखर किती, यावर सगळं ठरतं. पण फोन ठेवल्यावर वाटलं, त्याने नकळत एका फार मोठ्या प्रश्नाला हात घातला. पक्षाघातानंतर मेंदू वाचवण्यासाठी, सावरण्यासाठी जी नवी औषधं तपासली जात आहेत, ती बाईच्या आणि पुरुषाच्या मेंदूवर सारखीच काम करतात का? गेली पंचवीस-तीस वर्षं शास्त्रज्ञ यावर झगडत आहेत. आतापर्यंत काय कळलं आणि कुठे गाडी अडली, ते सांगते.

पक्षाघात म्हणजे बहुतेक वेळा मेंदूच्या शिरेत अडकलेली गुठळी. (कधी शीर फुटून रक्तस्राव होतो. तो वेगळा प्रकार, इथे तो बाजूला ठेवू.) रक्त थांबलं की त्या भागातल्या चेतापेशी मरायला लागतात. मोठी शीर तुंबली तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी जातात, असा अंदाज अमेरिकेतल्या जेफ्री सेव्हर या डॉक्टरांनी २००६ मध्ये मांडला होता. म्हणून पहिलं काम गुठळी विरघळवणं किंवा नळी घालून ती बाहेर ओढणं. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनचा उपयोग १९९५ मध्ये सिद्ध झाला, तेव्हा त्याची मुदत तीन तासांची होती. २००८ पासून ती साडेचार तासांपर्यंत वाढली. ही झाली नळ मोकळा करण्याची औषधं. संशोधकांना हवी आहेत ती आणखी दोन प्रकारची: रक्त परत येईपर्यंत पेशींना तग धरायला लावणारी, आणि नंतरच्या महिन्यांत उरलेल्या मेंदूला नव्याने शिकायला मदत करणारी.

या दोन्ही प्रकारांचा इतिहास निराशेचा आहे. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी पक्षाघातावर तोवर प्रयोगशाळेत तपासलेल्या उपचारांची मोजदाद केली. आकडा निघाला १,०२६. त्यांतले ११४ माणसांपर्यंत पोहोचले. आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सोडलं, तर नव्याने तयार केलेलं एकही औषध माणसांत चाललं नाही. उंदरांत मात्र त्यांतली शेकडो उत्तम चालली होती.

म्हणजे पाणी कुठेतरी मुरत होतं. कारणं बरीच निघाली. एक कारण असं की ते उंदीर जवळपास सगळे तरुण, निरोगी आणि नर होते.

तुम्ही म्हणाल, नर का? कारण प्रयोगशाळांत समज असा होता की मादीच्या शरीरात दर चार-पाच दिवसांनी हार्मोन खालीवर होतात, त्यामुळे निकाल विस्कटतात. नर कसा सरळ! २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दिसलं की मेंदूविज्ञानात फक्त नरांवर केलेले अभ्यास फक्त माद्यांवर केलेल्या अभ्यासांच्या साडेपाच पट होते. तीन वर्षांनी कुणीतरी तो मूळ समजच तपासला. २९३ शोधनिबंधांतली मापं काढून पाहिली, तर माद्यांच्या निकालांत नरांपेक्षा जास्त चढउतार नव्हतेच. नरही आपापसांत भांडतात, त्यांचेही हार्मोन हलतात. इतकी वर्षं एका न तपासलेल्या समजुतीवर अर्धी प्राणिसृष्टी बाजूला ठेवली गेली, हे वाचलं तेव्हा मला खूप वाईट वाटलं होतं. आजही वाटतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने प्राण्यांवरच्या संशोधनातही नर-मादी दोन्हींचा विचार करायला लावणारं धोरण २०१४ मध्ये जाहीर केलं आणि ते २०१६ पासून लागू झालं. म्हणजे फार जुनी गोष्ट नाही.

ज्यांनी माद्यांकडे लक्ष दिलं, त्यांना लगेच काहीतरी वेगळं दिसलं. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये नबील अल्कायद आणि पॅट्रिशिया हर्न यांच्या गटाने १९९८ मध्ये दाखवलं की मेंदूची तीच शीर तेवढाच वेळ बंद ठेवली, तर मादीच्या मेंदूचा नरापेक्षा कमी भाग मरतो. मादीच्या अंडग्रंथी काढून टाकल्या की हा फायदा जातो. निष्कर्ष समोरच होता: इस्ट्रोजेन मेंदूला जपतं. मग पाळी गेलेल्या बायकांना इस्ट्रोजेन दिलं की झालं!

तसं झालं नाही. २००१ मध्ये अमेरिकेत ६६४ बायकांवरच्या चाचणीचा निकाल आला. या सगळ्या पाळी गेलेल्या आणि नुकताच पक्षाघात किंवा त्याचा छोटा झटका येऊन गेलेल्या बायका होत्या. इस्ट्रोजेनने पुन्हा झटका येणं थांबलं नाही, उलट जीवघेण्या पक्षाघातांचं प्रमाण वाढलेलं दिसलं. पुढच्याच वर्षी सोळा हजारांहून अधिक बायकांवरची हार्मोनची मोठी चाचणी मध्येच थांबवावी लागली. तिथेही पक्षाघात वाढले होते. घोळ कुठे झाला? उंदरांच्या माद्या तरुण होत्या. बायका साठी-सत्तरीच्या. टेक्सासमधल्या फरिदा सोहराबजी यांच्या प्रयोगशाळेत नंतर मध्यमवयीन माद्यांना इस्ट्रोजेन देऊन पाहिलं, तेव्हा त्यांच्या मेंदूचं नुकसान कमी न होता वाढलं. हार्मोन तोच, शरीर वयाने वेगळं. हा प्रयोग आधी झाला असता तर, असं मनात आल्याशिवाय राहत नाही.

बरं, सगळा फरक हार्मोनचाच आहे असंही नाही, आणि मला सर्वांत थक्क करणारा भाग हाच वाटतो. २००४ मध्ये पिट्सबर्गच्या संशोधकांनी उंदरांच्या चेतापेशी नराच्या वेगळ्या आणि मादीच्या वेगळ्या अशा काचेच्या बशीत वाढवल्या. बशीत अंडग्रंथी नाहीत, रक्त नाही, पाळी नाही. तरीही त्या पेशी वेगवेगळ्या वाटांनी मेल्या.

या दोन वाटा समजून घेऊ, कारण औषधांची सगळी गोम तिथे आहे. प्रत्येक पेशीत पार्प नावाचं एक प्रथिन असतं. जनुकांचा धागा तुटला की ते दुरुस्तीला धावतं. पण पक्षाघातात इतकी तूटफूट होते की हा गवंडी घर सांधता सांधता कोठीतलं सगळं धान्य संपवून टाकतो. पेशीची ऊर्जाच संपते आणि ती मरते. नराच्या पेशी मुख्यतः या वाटेने जातात. मादीच्या पेशीत दुसरी वाट जास्त चालते. तिथे कॅस्पेज नावाची प्रथिनं कात्रीसारखी कामाला लागतात आणि पेशी स्वतःच स्वतःचा गाशा पद्धतशीर गुंडाळते. शेवट एकच, मरण. पण एका वाटेवर लावलेला अडसर दुसऱ्या वाटेने जाणाऱ्याला अडवणार नाही.

लुईस मॅक्कलो यांच्या गटाने २००५ मध्ये नेमकं हेच उंदरांत दाखवलं. पार्प नसलेले उंदीर घेतले आणि त्यांना पक्षाघात घडवला. नरांचा मेंदू वाचला, माद्यांचं नुकसान उलट वाढलं. एकाला तारणारी गोष्ट दुसरीला मारक! त्या काळच्या पद्धतीप्रमाणे फक्त नरांवर प्रयोग केला असता तर पार्प अडवणारं औषध सरसकट उत्तम ठरलं असतं. कॅस्पेज अडवणाऱ्या औषधांचा अनुभव याच्या उलट आला. ती माद्यांना जास्त लागू पडली.

आता एक ओळखीचं औषध घ्या. मिनोसायक्लिन. तरुण मुलामुलींना चेहऱ्यावरच्या मुरुमांसाठी देतात ते प्रतिजैविक. त्याचा पार्पवरही परिणाम होतो. २००९ मध्ये याच गटाने पाहिलं, की पक्षाघातानंतर ते नर उंदरांना उपयोगी पडलं, माद्यांना नाही. २०१५ मध्ये इराणमधल्या एका छोट्या चाचणीत माणसांतही तोच कल दिसला: पुरुषांना फायदा, बायकांना नाही. चाचणी लहान होती, कुणाला काय दिलंय हे रुग्णांपासून लपवलेलं नव्हतं, म्हणून तिच्यावर फार भार टाकता येत नाही. पण उंदीर आणि माणूस एकाच दिशेला बोट दाखवतात असं या क्षेत्रात क्वचित घडतं.

गुणसूत्रांची गोष्ट तर आणखी पुढची. शास्त्रज्ञांनी असे उंदीर तयार केले आहेत ज्यांची गुणसूत्रं मादीची पण ग्रंथी नराच्या, किंवा त्याच्या उलट. अशा म्हाताऱ्या उंदरांना पक्षाघात घडवला तेव्हा ज्यांच्याकडे दोन एक्स गुणसूत्रं होती त्यांचं नुकसान जास्त झालं, ग्रंथी कुठल्याही असोत. म्हणजे तरुणपणी हार्मोन पाठीशी उभे असतात, आणि ते गेले की गुणसूत्रांचा पगडा दिसायला लागतो. माणसांत दिसतं त्याच्याशी हे जुळतं. बायकांना पक्षाघात पुरुषांपेक्षा काही वर्षं उशिरा येतो, पण आल्यावर त्या जास्त परावलंबी होतात. आणि त्या जास्त जगतात म्हणून आयुष्यभराचा धोकाही त्यांचाच थोडा अधिक. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावच्या दीर्घ अभ्यासानुसार पंचावन्नाव्या वर्षानंतर दर पाचांतल्या एका बाईला आणि दर सहांतल्या एका पुरुषाला पक्षाघात येतो.

आता माझ्या मते या विषयातलं सर्वांत रंजक औषध. यूरिक अ‍ॅसिड. होय, तेच. रक्ताच्या रिपोर्टमध्ये वाढलेलं दिसलं की डॉक्टर तूर-मटण कमी करायला सांगतात, ज्याच्यामुळे पायाचा अंगठा लालबुंद होऊन सुजतो, ते. पण हेच यूरिक अ‍ॅसिड रक्तात फिरताना एक चांगलं कामही करतं. रक्त थांबून परत सुरू झालं की मेंदूत उपद्रवी, जळके रेणू मोकाट सुटतात. यूरिक अ‍ॅसिड त्यांना पकडून निकामी करतं. बार्सिलोनाच्या आंखेल चामोरो यांच्या गटाने विचार केला, गुठळी विरघळवण्याच्या इंजेक्शनबरोबरच शिरेतून यूरिक अ‍ॅसिड दिलं तर?

स्पेनमध्ये ४११ रुग्णांवर चाचणी झाली आणि २०१४ मध्ये निकाल आला. निम्म्यांना औषध, निम्म्यांना प्लासिबो, म्हणजे औषधासारखं दिसणारं पण औषध नसलेलं द्रावण. तीन महिन्यांनी जवळजवळ पूर्ववत झालेले रुग्ण मोजले: औषधाच्या गटात ३९ टक्के, प्लासिबोच्या गटात ३३ टक्के. फरक आहे, पण नुसत्या योगायोगानेही येऊ शकेल एवढाच. चाचणी नापास.

मग त्यांनी बायका आणि पुरुष वेगळे करून पाहिले. योगायोगाने दोन्ही जवळपास सारखे होते, २०६ बायका आणि २०५ पुरुष. असं या चाचण्यांत सहसा होत नाही. पुरुषांत औषध दिलं काय, न दिलं काय, काही फरक नाही. बायकांत औषध मिळालेल्यांपैकी ४२ टक्के उत्तम सावरल्या, प्लासिबोच्या गटातल्या २९ टक्के. दर शंभर बायकांमागे तेरा बायका जास्त!

असं का व्हावं? एक साधं, पटण्यासारखं स्पष्टीकरण आहे. इस्ट्रोजेनमुळे बायकांच्या लघवीतून यूरिक अ‍ॅसिड जास्त निघून जातं, म्हणून त्यांच्या रक्तात ते मुळात कमी असतं. (पाळी जाण्याआधी बायकांना गाउट, म्हणजे ती अंगठ्याची सूज, क्वचित होते ती यामुळेच.) पाळी गेल्यावर ते वाढतं, तरी साधारणपणे पुरुषांपेक्षा कमीच राहतं. ज्याचा रांजण आधीच भरलेला आहे त्याला आणखी दोन तांब्ये ओतून काय मिळणार? जिचा अर्धा रिकामा आहे तिला मिळेल.

दुसरं उदाहरण चीनमधलं. एडाराव्होन नावाचं असंच जळके रेणू पकडणारं औषध जपानात आणि आपल्याकडेही बरीच वर्षं वापरात आहे. चिनी संशोधकांनी त्यात डेक्स्बोर्निऑल मिसळलं. डेक्स्बोर्निऑल म्हणजे काय म्हणाल तर आपल्या ओळखीच्या भीमसेनी कापराचा मूळ घटक. खरा भीमसेनी कापूर बोर्निओ-सुमात्राकडच्या एका झाडापासून मिळतो, त्यातला हा रेणू. १,१६५ रुग्णांच्या चाचणीचा निकाल २०२१ मध्ये आला. मिश्र औषध मिळालेल्यांपैकी ६७ टक्के चांगले सावरले, नुसतं एडाराव्होन मिळालेल्यांपैकी ५९ टक्के. आणि इथेही फायद्याचा मोठा वाटा बायकांच्या पदरात पडलेला दिसला. हे वाचून कुणी रुग्णाच्या नाकाशी कापूर धरू नये, ही कळकळीची विनंती. ते औषध शुद्ध करून, मोजून, शिरेतून चौदा दिवस दिलं होतं.

दोन वेगळे देश, दोन वेगळी औषधं, एकाच जातीचं काम, आणि दोन्हीकडे बायकांना जास्त गुण. माझाही जीव इथे थोडा उचंबळून आला होता. पण थांबायला हवं, कारण अशाच उत्साहात एकदा मोठी चूक झालेली आहे.

१९७८ मध्ये कॅनडात ५८५ रुग्णांवर अ‍ॅस्पिरिनची चाचणी झाली. पक्षाघाताचा छोटा झटका येऊन गेलेल्यांना अ‍ॅस्पिरिन दिलं तर मोठा झटका टळतो का, हा प्रश्न होता. पुरुषांत टळला, बायकांत काही फरक दिसला नाही. १९८० मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी या कामासाठी अ‍ॅस्पिरिनला परवानगी दिली ती फक्त पुरुषांसाठी. नंतर कितीतरी चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा कळलं की ते बायकांनाही तितकंच उपयोगी पडतं. कॅनडातल्या चाचणीत बायका इतक्या थोड्या होत्या की फायदा दिसायला जागाच नव्हती. मधल्या वर्षांत किती बायका चार आण्यांच्या गोळीला मुकल्या असतील!

म्हणजे चूक दोन्ही बाजूंनी होते. फरक असून न पाहण्याची, आणि फरक नसताना पाहण्याची. दुसरी चूक किती सहज होते हे दाखवणारा किस्सा मी वर्गात दर वर्षी सांगते. १९८८ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी १७,१८७ हृदयविकाराच्या रुग्णांवरची एक भव्य चाचणी प्रसिद्ध केली. अ‍ॅस्पिरिनने मृत्यू स्पष्ट कमी झाले होते. त्यांना सांगण्यात आलं, वेगवेगळ्या गटांत काय झालं तेही द्या. त्यांनी दिलं, आणि मुद्दाम राशीप्रमाणेही दिलं. मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांना अ‍ॅस्पिरिन किंचित अपायकारक दिसलं! राशीचा अ‍ॅस्पिरिनशी संबंध नाही हे त्यांना चांगलं माहीत होतं. दाखवायचं होतं ते हे, की एका चाचणीचे पुरेसे तुकडे केले की कुठल्या ना कुठल्या तुकड्यात काहीतरी विचित्र निघतंच.

बाई-पुरुष हा भेद राशीसारखा पोकळ नाही, त्याच्यामागे बशीतल्या पेशींपासूनचा पुरावा आहे. म्हणून यूरिक अ‍ॅसिडचा निकाल मी झटकून टाकणार नाही. पण तो नंतर तुकडे करून काढलेला आहे, म्हणून सिद्धही मानणार नाही. सिद्ध करायचं तर आधीच ठरवून, पुरेशा बायका घेऊन, नवी चाचणी हवी.

त्या दिशेने अमेरिकेत एक मोठं काम झालं. औषध माणसांपर्यंत नेण्याआधी त्याची कसोटी प्राण्यांतच कडक घ्यायची असं ठरवून सहा प्रयोगशाळा एकत्र आल्या आणि सहा उपचार निवडले. त्यांत यूरिक अ‍ॅसिड होतं, पार्प अडवणारं एक औषधही होतं. उंदीर तरुण घेतले, म्हातारे घेतले, लठ्ठ घेतले, रक्तदाबाचे घेतले, आणि नर-मादी दोन्ही घेतले. कुठल्या उंदराला काय दिलंय हे मोजणाऱ्याला माहीत नव्हतं. २०२३ मध्ये निकाल आला. सहांपैकी एकटं यूरिक अ‍ॅसिड कसोटीला उतरलं. पण गंमत अशी, की तिथे त्याचा फायदा नर आणि माद्या दोघांतही दिसला. मग स्पेनमधल्या पुरुषांना का नाही? एक शक्यता अशी की उंदरांच्या शरीरात यूरिक अ‍ॅसिड मोडणारं एक प्रथिन असतं, जे माणसाने उत्क्रांतीत गमावलंय. म्हणजे नर असो की मादी, सगळ्या उंदरांचे रांजण रिकामेच. किंवा स्पेनमधला फरकच योगायोग असेल. दोन्ही शक्यता समोर आहेत, आणि उत्तर माणसांवरच्या चाचणीतूनच येईल.

ही झाली पहिल्या काही तासांची औषधं. मावसभावाचा प्रश्न मात्र पुढच्या महिन्यांचा होता. तिथे फ्लुऑक्सेटिनची आशा सगळ्यात मोठी होती. हे नैराश्यावरचं औषध. २०११ मध्ये फ्रान्समधल्या ११८ रुग्णांत त्याने हातापायाची ताकद सुधारलेली दिसली. मग ब्रिटनमध्ये तीन हजारांहून अधिक, स्वीडनमध्ये पंधराशे आणि ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, व्हिएतनाम मिळून १,२८० रुग्णांवर सहा सहा महिने देऊन पाहिलं. रोजचं जगणं तसूभर सुधारलं नाही. उलट हाडं मोडण्याचं प्रमाण वाढलं, आणि पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ झालेल्या बाईच्या दृष्टीने ही किरकोळ बाब नाही. आपल्याकडच्या चिठ्ठ्यांवर हमखास दिसणाऱ्या सिटिकोलीनचंही तेच. २०१२ मध्ये २,२९८ रुग्णांच्या चाचणीत त्याचा उपयोग दिसला नाही. मावशीच्या गोळ्यांच्या डबीत ते होतं. म्हणजे "त्याच गोळ्यांनी बाबा उठले" हेही बहुधा खरं नव्हतं. त्यांचा मेंदू आपला आपण सावरला होता, आणि फिजिओथेरपीने त्याला हात दिला होता.

भारतातही नवं काही घडतंय. सोव्हाटेल्टाइड नावाच्या औषधाला २०२३ मध्ये इथे मंजुरी मिळाली. पेशी वाचवून नव्या पेशींच्या वाढीला चालना द्यायची असा त्याचा दावा. त्याची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी १५८ रुग्णांची होती. आता हिशोब करा. दोन गट पाडले की प्रत्येकी एकोणऐंशी. त्यांत बायका तिसरा हिस्सा धरल्या तर गटागणिक सव्वीस-सत्तावीस. एवढ्यांवरून बायकांबद्दल वेगळं काही सांगता येत नाही, औषध कितीही चांगलं असलं तरी.

तिसरा हिस्सा हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. १९९० ते २०२० या काळातल्या पक्षाघाताच्या २८१ चाचण्या तपासल्या गेल्या, त्यांत बायका सुमारे ३७ टक्के भरल्या. कारणं बरीच आहेत, पण एक अगदी साधं आहे: वयाची अट. ऐंशीच्या पुढचे नकोत, आधीपासून कुणाच्या मदतीने जगणारे नकोत, असं अनेक चाचण्यांत लिहिलेलं असतं. बायकांना झटका उशिरा येतो. त्या आधीच गुडघ्यांनी बेजार, एकट्या, कुणावर तरी अवलंबून असतात. अट बाईविरुद्ध लिहिलेली नसते, पण बाहेर पडते ती बाईच.

आणि चाचणीत येण्याआधी दवाखान्यात यायला लागतं. मावशी त्या दिवशी सकाळी पूजा करत होती. हातातली पळी सुटून ताम्हनात पडली. तिने ती डाव्या हाताने उचलली, पूजा पुरी केली आणि हाताला मुंग्या आल्यात म्हणून पडून राहिली. सून संध्याकाळी पाचला ऑफिसमधून आली तेव्हा मावशीचं तोंड एका बाजूला ओढलेलं होतं. साडेचार तासांची मुदत दुपारीच संपून गेली होती. काकांच्या वेळी मावशीने स्वतः शेजाऱ्याची गाडी काढायला लावून त्यांना पाऊण तासात दवाखान्यात पोहोचवलं होतं. अंगावर काढणं हा आपल्याकडच्या बायकांचा जुना रोग. त्याच्यापुढे कुठलंच इंजेक्शन चालत नाही. हात अचानक लुळा पडला, तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली, यातलं एक जरी दिसलं तरी १०८ ला फोन, मग ती आई असो, सासू असो, स्वतः असो.

मावसभावाला हे सगळं मी दोन-तीन फोनमध्ये सांगितलं. त्याने एकच विचारलं, "मग आता आईसाठी काय करू?" रक्तदाबाची गोळी चुकवू नकोस, रक्त पातळ ठेवणारी चुकवू नकोस, आणि हाताचे व्यायाम सोडू नकोस, एवढंच माझ्याकडे होतं. फिजिओथेरपिस्ट ताईंनी तिला एका ताटात मूग आणि चवळी एकत्र करून दिली होती, उजव्या हाताने वेगळी करायला. सुरुवातीला वीस मिनिटांत चार चवळ्या निघायच्या. मूग बोटांतून निसटायचे. गेल्या महिन्यात मी गेले तेव्हा ती ताट पुढे घेऊन बसली होती. चवळी सगळी वेचून झाली होती आणि ती मुगांतले खडे काढत होती.